बाईच्या डोक्यावरच्या कापडात सरकारला एवढा रस का?

मंजुषा_व

इराणमध्ये डोकं झाकलं नाही म्हणून पोलीस धरतात. फ्रान्समध्ये सरकारी शाळेत डोकं झाकून गेलं तर बाहेर काढतात. हातभर कापड, पण त्याच्यासाठी संसदेत खडाजंगी होते, कोर्टं बसतात, माणसं जीव गमावतात.

मला वाटतं धर्म यात नंतर आला. डोक्यावरचं कापड आधी दर्जाची खूण होतं: कोण कुणाची बायको, कोण विधवा, कोण गुलाम. ही खूण कुणी लावायची आणि कुणी नाही, हे ठरवण्याचा हक्क आपलाच, असं प्रत्येक राज्यकर्त्याला वाटत आलंय. माझं मत हे असं आहे. इतिहास वाचणाऱ्यांनी भर घाला, पटत नसेल त्यांनी खोडून काढा. इथल्या चालू राजकारणावर मात्र कृपया नको, त्याचे धागे ढिगाने आहेत.

टवाळ_पोरगा

जागा धरून बसलोय. हा धागा शंभरी गाठणार.

जुनी_पोथी

मंजुषाताई, दर्जाच्या खुणेला पुरावा आहे आणि तो चांगला भक्कम आहे. आजच्या इराकमधल्या अश्शूर या प्राचीन शहराच्या उत्खननात मातीच्या पाट्या मिळाल्या, त्यांत मध्य-अ‍ॅसिरियन कायदे आहेत. साधारण इ.स.पू. ११०० च्या सुमाराच्या पाट्या, कायदे त्याहून जुने. म्हणजे ख्रिस्त यायला हजारेक वर्षं आणि इस्लामला त्याहून सहाशे वर्षं अवकाश होता.

त्यातलं ४० वं कलम वाचण्यासारखं आहे. गृहस्थांच्या बायका आणि विधवा रस्त्यावर निघाल्या तर डोकं उघडं ठेवायचं नाही. वेश्येने आणि दासीने मात्र झाकायचं नाही. झाकलेली वेश्या कुणाला दिसली तर त्याने तिला धरायचं, साक्षीदार गोळा करायचे आणि राजवाड्याच्या दाराशी आणायचं. तिचे दागिने कुणी घ्यायचे नाहीत, पण कपडे पकडणाऱ्याला मिळणार. तिला पन्नास फटके, वर डोक्यावर डांबर. दासी असेल तर कान कापायचे. आणि बघूनही कुणी तिला सोडून दिलं, तर त्या पुरुषालाही पन्नास फटके, कान टोचून त्यात दोरी ओवायची आणि महिनाभर राजाची वेठबिगारी.

पुढचं ४१ वं कलम तर मला फार आवडतं. रखेलीला बायकोचा दर्जा द्यायचा असेल तर पुरुषाने पाच-सहा शेजारी जमवायचे, त्यांच्यादेखत तिचं डोकं झाकायचं आणि म्हणायचं, ही माझी बायको. झालं लग्न.

टवाळ_पोरगा

म्हणजे डोकं झाकणं हेच मॅरेज सर्टिफिकेट! आणि शेजारी साक्षीदार. शेजाऱ्यांशी भांडण असेल तर जन्मभर रखेलच.

फटकळ_काकू

पोथीबुवा, दंडवत. पण एक शंका. यात झाकणारी ‘प्रतिष्ठित’ आणि उघडी ती ‘बाजारातली’ अशी विभागणी आहे. म्हणजे हे कापड बाईच्या संरक्षणासाठी कधी नव्हतंच. कुणाला हात लावलेला चालतो आणि कुणाला नाही, याची ती पाटी होती. झाकणारीला सुरक्षित करताना न झाकणारीला उघड्यावर टाकलं. आजही ‘असे कपडे घातल्यावर काय होणार’ म्हणणारे याच कलमावर चालतात, त्यांना अश्शूर माहीत नसलं म्हणून काय झालं.

अरुण_द

काकूंना +१.

रोमची भर घालतो. गायस सुल्पिसियस गॅलस हा इ.स.पू. १६६ चा कॉन्सल. त्याने बायकोला सोडलं, कारण ती डोक्यावर वस्त्र न घेता घराबाहेर दिसली. वालेरियस मॅक्सिमस हा लेखक हे जुन्या कडक शिस्तीचं उदाहरण म्हणून सांगतो, म्हणजे त्याच्या काळापर्यंत शिस्त सैल झाली असावी.

मग सेंट पॉल. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ११ व्या अध्यायात तो सांगतो, प्रार्थना करताना बाईने डोकं झाकावं, पुरुषाने झाकू नये. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने कुमारिकांनीही झाकावं म्हणून अख्खा ग्रंथ लिहिला. आता कुणी एवढा खटाटोप करून ग्रंथ लिहितो याचा अर्थ मुली ऐकत नव्हत्या! कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मसंहितेत चर्चमध्ये बायकांनी डोकं झाकण्याचं कलम होतं. १९८३ च्या नव्या संहितेत ते गाळलं. तोवर बायकांनी साठच्या दशकापासूनच ते सोडून द्यायला सुरुवात केली होती, कलम मागाहून गेलं.

म्हणून ‘डोकं झाकणं म्हणजे इस्लाम’ हे समीकरण फार अलीकडचं आहे.

शमा_२७

बराच वेळ वाचतेय. मी स्कार्फ बांधते, म्हणून लिहिणं भाग आहे.

अ‍ॅसिरिया, रोम सगळं मान्य. इस्लामच्या सुरुवातीच्या काळातही स्वतंत्र बाई आणि दासी यांत फरक केला जात होता, जुन्या फिक्हच्या (इस्लामी कायद्याच्या) ग्रंथांत दासीने किती झाकायचं याचे नियम वेगळे आहेत. तेव्हा मंजुषाताईंचा दर्जाचा मुद्दा मी नाकारत नाही. पण एखादी गोष्ट कुठून सुरू झाली यावरून ती आज माझ्यासाठी काय आहे हे ठरत नाही. मी सकाळी आरशासमोर उभी राहून पिन लावते तेव्हा माझ्या डोक्यात अश्शूरचा राजा नसतो. नमाज असते, सवय असते, आणि खरं सांगायचं तर कोणत्या रंगावर कोणता जाईल हा विचार जास्त असतो. घरात मोठी बहीण बांधत नाही. आमच्यात त्यावरून भांडण नाही, माझ्या पिना हरवते यावरून आहे.

‘धर्म नंतर आला’ म्हणून तो बाजूला सारला की आमच्याबद्दल बोलणं सोपं होतं, आमच्याशी बोलणं राहून जातं.

मंजुषा_व

शमा, छान लिहिलंस. बाजूला सारायचं नव्हतं. माझा प्रश्न तुझ्या आरशाबद्दल नाहीच, त्या आरशामागे सरकार का डोकावतं याबद्दल आहे.

चिमणी

थोडा वेगळा प्रकार सांगते. १७८६. न्यू ऑर्लिन्स तेव्हा स्पेनच्या ताब्यात. गव्हर्नर एस्तेबान मिरो याने फर्मान काढलं की स्वतंत्र कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय बायकांनी केसांत पिसं, दागिने घालायचे नाहीत, केस रुमालात बांधायचे. त्या रुमालाला टिन्यों म्हणत. कारण? या बायका नटून निघाल्या की गोऱ्या बायकांपेक्षा उठून दिसत आणि गोरे पुरुष त्यांच्या मागे लागत. दासी बांधतात तसा रुमाल बांधला की त्यांची पायरी त्यांना कळेल, हा हिशेब. म्हणजे अश्शूरच्या बरोब्बर उलट! तिथे दासीला झाकायची बंदी, इथे झाकायची सक्ती.

बायकांनी काय केलं? कायदा पाळला. पण रुमाल घेतले ते भडक, उंची कापडाचे, आणि बांधले असे उंच, वळणदार, की तीच फॅशन झाली.

आता गंमत. कॅरिबियन बेटांवर असे फेटेवजा रुमाल ज्या चौकटीच्या कापडाचे बांधतात त्याला आजही ‘मद्रास’ म्हणतात, कारण ते मद्रासच्या बंदरातून जायचं. मार्टिनिक, ग्वादलूपकडे त्याच्या टोकांची भाषा सांगतात. एक टोक वर असेल तर मन मोकळं आहे, दोन म्हणजे गुंतलंय पण प्रयत्न करून बघ, तीन म्हणजे लग्न झालंय.

टवाळ_पोरगा

आणि चार?

चिमणी

चार म्हणजे लग्न झालंय, तरी जागा आहे. (मी नाही, ते लोक सांगतात.)

टवाळ_पोरगा

मार्टिनिकचं तिकीट केवढ्याला पडतं, कुणाला कल्पना?

फटकळ_काकू

टवाळा, तुझ्यासाठी पाचवं टोक शोधतील त्या. ‘पुढे चला.’

दुर्वास

हसणं झालं असेल तर इराणवर या. शमाताईंचा आरसा ठीक, पण ज्या देशात न बांधण्याची शिक्षा आहे तिथे बांधणारीची ‘निवड’ मोजायची कशी?

८ जानेवारी १९३६ ला रझा शाहने पडदा उठवल्याचं जाहीर केलं. तेहरानच्या एका समारंभात राणी आणि राजकन्या उघड्या डोक्याने आल्या. वरवर किती पुरोगामी! प्रत्यक्षात पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरच्या चादोरी (डोक्यावरून अंगभर घ्यायची कापडं) ओढून काढत. सरकारी अधिकाऱ्यांना बायकोला उघड्या डोक्याने समारंभाला आणायची सक्ती. कित्येक बायकांनी घराबाहेर पडणंच सोडलं. सार्वजनिक हमामात जायचं बंद झालं, मुलींच्या शाळा सुटल्या. १९४१ मध्ये शाह पायउतार झाला तशा चादोरी परत आल्या.

मग १९७८. शाहच्या मुलाच्या विरोधात मोर्चे निघाले, त्यांत एरवी डोकं न झाकणाऱ्या, शिकलेल्या बायकाही मुद्दाम चादोर घेऊन सामील झाल्या. निषेध म्हणून. क्रांती जिंकली, आणि मार्च १९७९ मध्ये क्रांतीचे नेते खोमेनी म्हणाले, सरकारी कार्यालयांत बायकांनी हिजाब घालूनच यावं. दुसऱ्याच दिवशी ८ मार्च. हजारो बायका तेहरानच्या रस्त्यावर उतरल्या, काही दिवस हटल्या नाहीत. सरकार तात्पुरतं नरमलं. मग हळूहळू आधी कार्यालयं, मग रस्ते, आणि १९८३ मध्ये कायदाच: हिजाब नाही तर ७४ फटके. ज्यांनी चादोर निषेधासाठी उचलली त्यांच्या डोक्यावर तीच खिळ्याने ठोकली. डिसेंबर २०१७ मध्ये विदा मोवाहेद तेहरानच्या एन्घेलाब रस्त्यावर एका पेटीवर चढली, पांढरा रुमाल काठीला बांधून धरला. अटक. सप्टेंबर २०२२, महसा अमिनी, हिजाब नीट नाही म्हणून धरलेली तरुणी, कोठडीनंतर मृत्यू. पुढचं सगळ्यांनी बघितलंय.

शमा_२७

दुर्वास, तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय असं मला वाटतंय. १९३६ चा पोलीस आणि आजचा पोलीस, दोघांचा हात त्याच कापडाकडे जातो. महसाच्या बातमीने मला झोप लागली नव्हती, स्कार्फ बांधत असूनही. तो ‘असूनही’ लोकांना समजत नाही.

दुर्वास

बाजूने नाही. सक्तीने काढणं वाईट हे मान्य. पण सक्तीने घालायला लावणारे आज जास्त आहेत आणि त्यांच्या हातात तुरुंग आहेत. दोन्ही पारडी सारखी दाखवू नका.

इस्तंबूलकर

मी तुर्कस्तानात शिकायला होतो, विद्यापीठांत स्कार्फला बंदी असतानाच्या काळात. विद्यापीठाचं नाव देत नाही. फाटकाजवळ एका बाजूला पोर्‍या थांबायच्या, स्कार्फ काढून पिशवीत टाकायच्या, बॅगेतून बेरे टोपी काढून घालायच्या. काहींनी तर विग घेतले होते. स्कार्फच्या वरून विग! म्हणजे केसही दिसत नाहीत आणि नियमही मोडत नाही. रखवालदाराला सगळं कळायचं. तो ‘केस छान आहेत’ म्हणायचा आणि आत सोडायचा. संध्याकाळी बाहेर पडताना त्याच पोरी पिशवीत हात घालून स्कार्फ शोधायच्या.

थोडी पार्श्वभूमी: अतातुर्कने १९२५ मध्ये कायदा केला तो पुरुषांच्या टोपीचा. बायकांच्या डोक्याचा देशभर कायदा त्याने केला नाही, फक्त नाक मुरडलं. विद्यापीठांतली स्कार्फबंदी १९८० च्या लष्करी उठावानंतरची, आणि १९९७ नंतर ती फारच कडक झाली. २ मे १९९९ ला मेर्वे कावाकची ही निवडून आलेली खासदार स्कार्फ घालून शपथेला आली, तर निम्मं सभागृह बाकं वाजवून ‘बाहेर’ ओरडत होतं. शपथ झालीच नाही. लेयला शाहीन ही मेडिकलची विद्यार्थिनी युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात गेली, २००५ मध्ये मोठ्या खंडपीठासमोर १६ विरुद्ध १ हरली. विरोधात मत देणारी ती एक न्यायाधीश बाई होती. २०१३ मध्ये बहुतेक सरकारी नोकऱ्यांतली बंदी उठली, त्याच ऑक्टोबरात चार बायका स्कार्फ घालून संसदेत बसल्या.

आता तिथे उलटी तक्रार ऐकू येते. ज्या मुली स्कार्फ सोडतात त्या त्याबद्दल समाजमाध्यमांवर लिहितात, आणि घरचे बोलत नाहीत.

रानवारा

फ्रान्सबद्दल कुणीच नाही? १९८९ मध्ये क्रेई गावात स्कार्फवरून शाळेबाहेर काढलेल्या तीन मुलींपासून सुरुवात. २००४ मध्ये शाळांत ठळक धार्मिक चिन्हांना बंदी, त्यात शीख मुलांच्या पगड्याही अडकल्या. २०१० मध्ये चेहरा झाकायला बंदी, १५० युरोपर्यंत दंड. आणि २०२० मध्ये कोविड आला, तसा त्याच सरकारने मास्क सक्तीचा केला. चेहरा झाकला तर दंड आणि नाही झाकला तरी दंड, एकाच रस्त्यावर.

टवाळ_पोरगा

नाकावर मास्क घेऊन बुरख्याची पावती फाडणारा हवालदार. डोळ्यासमोर आलं.

अबोली

जरा अवांतर, पण सांगतेच. २००४ मध्येच जेरुसलेम आणि ब्रुकलिनमध्ये ज्यू बायकांनी आपले विग रस्त्यावर जाळले होते. कट्टर ज्यू पंथांत लग्न झालेली बाई केस झाकते, कुणी रुमालाने, कुणी विगने. त्या विगांचे बरेचसे केस तिरुपतीला मुंडण झालेल्या भाविकांचे निघाले. जेरुसलेमच्या एका ज्येष्ठ रब्बींनी निर्णय दिला की हे मूर्तिपूजेतले केस, वापरायचे नाहीत. झालं, होळ्या पेटल्या. एका देवाला वाहिलेले केस दुसऱ्या देवासाठी केस झाकायला, आणि मधे लिलाव!

दुसरं म्हणजे, माझ्या आईच्या केमोनंतर तिने वर्षभर सुती रुमाल बांधला. लोक बघून लगेच ठरवायचे, कुणी धर्म, कुणी दुखणं. तिला फक्त डोक्याला गार वारा लागायचा.

चौकस

अबोली, आई आता बऱ्या असतील अशी आशा.

यंत्रावर काम करणाऱ्यांचा रुमालही विसरू नका. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन कारखान्यांत बायका आल्या आणि मोकळे केस यंत्रात अडकायला लागले. व्हेरॉनिका लेक या नटीची एका डोळ्यावर बट सोडायची फॅशन होती, पोरी तशाच केसांनी कामाला यायच्या. शेवटी सरकारने त्या नटीलाच केस बांधायची विनंती केली. ते दंड फुगवून दाखवणाऱ्या बाईचं १९४३ चं पोस्टर आठवा, डोक्यावर ठिपक्यांचा लाल रुमाल. आज तो स्त्रीमुक्तीची खूण म्हणून मगवर छापतात. मुळात तो केस वाचवायला होता, आणि पोस्टर एका कंपनीने आपल्याच कामगारांसाठी काढलेलं.

पार्थ_ज

सगळं जग फिरलात, कर्नाटकात कधी येणार? २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातसुद्धा दोन न्यायाधीशांची दोन मतं पडली. ते का नको?

संपादक

कारण मूळ लेखात विनंती आहे. त्या विषयाचे धागे चालू आहेत, तिथे लिहा. इथले त्यावरचे पुढचे प्रतिसाद उडवले जातील.

पार्थ_ज

म्हणजे या धाग्यावरही ड्रेसकोड.

जुनी_पोथी

पार्थ, हा हाणलास बरोबर.

वसाहतींचा मुद्दा राहिला. लॉर्ड क्रोमर हा इंग्रज अधिकारी इजिप्तवर राज्य करायचा तेव्हा म्हणायचा, पडद्याने इथल्या बायका मागे राहिल्यात. हाच क्रोमर मायदेशी परतल्यावर स्त्रियांच्या मताधिकाराला विरोध करणाऱ्या संघटनेचा अध्यक्ष झाला. इजिप्तच्या बायकांची दया, घरच्यांना मात्र मत नको. हुदा शारावीने १९२३ मध्ये कैरोच्या स्टेशनवर चेहऱ्यावरचा पडदा काढला तो क्रोमरचं ऐकून नाही. ती १९१९ मध्ये इंग्रजांविरुद्ध बायकांचा मोर्चा काढणारी बाई होती. आणि तिने चेहरा उघडला, केस झाकलेलेच ठेवले, हे सहसा कुणी सांगत नाही.

अल्जीरियात मे १९५८ मध्ये फ्रेंच लष्कराच्या पुढाकाराने भर चौकात बायकांचे हाईक (अंगभर पांघरायचं वस्त्र) काढण्याचे सोहळे झाले. त्याच युद्धात स्वातंत्र्यसैनिक बायका हाईकखालून हत्यारं नेत होत्या. आणि ३० सप्टेंबर १९५६ ला अल्जिअर्सच्या कॅफेंत बॉम्ब ठेवायला गेलेल्या तरुणी हाईक काढून, युरोपियन कपड्यांत गेल्या होत्या. तपासनाक्यावरच्या शिपायाला उघडी बाई म्हणजे आपली बाई वाटली.

फटकळ_काकू

सोव्हिएत राहिले. ८ मार्च १९२७ पासून उझबेकिस्तानात ‘हुजूम’ ही पडदा काढायला लावणारी मोहीम. परांजी म्हणजे डोक्यावरून पायापर्यंत झगा, आणि तोंडावर घोड्याच्या केसांची काळी जाळी. चौकात जाळायला लावल्या. पक्षाची माणसं टाळ्या वाजवून घरी गेली, बायका मात्र त्याच गल्लीत राहिल्या. नवऱ्यांनी, भावांनी, शेजाऱ्यांनी शेकडो बायका मारल्या. १९२९ मध्ये नुरखोन नावाची तरुण नटी भावाने भोसकली. कित्येकींनी परत परांजी घेतली. ‘मुक्त’ करणाऱ्यांना संरक्षण द्यायचं सुचलं नव्हतं.

चिमणी

आणि सरकारच्या विरोधात बांधलेला रुमाल? अर्जेंटिनात लष्करी राजवटीने माणसं गायब केली, तेव्हा ३० एप्रिल १९७७ ला त्या गायब झालेल्यांच्या चौदा आया राजधानीतल्या प्लासा दे मायो चौकात जमल्या. पुढे लुहानच्या यात्रेच्या गर्दीत एकमेकींना ओळखू यावं म्हणून त्यांनी डोक्याला बाळाचे कापडी लंगोट बांधले. घराघरात जपून ठेवलेले असायचेच. त्यातून तो पांढरा रुमाल आला. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांच्यातल्या तिघी स्वतः गायब झाल्या. बाकीच्या येत राहिल्या. मग नातींच्या पिढीने तोच रुमाल हिरवा केला, गर्भपाताच्या हक्कासाठी, आणि डिसेंबर २०२० मध्ये कायदा करून घेतला. इथे ना धर्म, ना दर्जा. मंजुषा, हे तुझ्या मांडणीत कुठे बसतं?

मंजुषा_व

बसत नाही, आणि ते मला आवडलं. खूण लावायचा हक्क सरकारचा, असं मी म्हणत होते. इथे खूण बायकांनी लावली आणि ती वाचून सरकार घाबरलं.

पण ‘बाईच्याच डोक्यावर का’ हा प्रश्न उरतोच.

इस्तंबूलकर

बाईच्याच नाही हो. मी वर टोपीचा कायदा म्हणालो ना. १९२५ मध्ये फेझवर (गोंड्याच्या लाल टोपीवर) बंदी आणि हॅट सक्तीची. त्यावरून दंगे झाले, लोकांना फाशी झाली. इस्किलिपचे आतिफ होजा हे मौलवी १९२६ मध्ये फासावर गेले, हॅटच्या विरोधात लिहिलेल्या पुस्तिकेवरून. ती पुस्तिका कायदा व्हायच्या आधी छापलेली होती. रझा शाहने इराणात तेच केलं, १९३५ मध्ये मशहदच्या गोहरशाद मशिदीत निषेधाला जमलेल्या लोकांवर गोळ्या घातल्या. पीटर द ग्रेटने रशियात दाढीवर कर बसवला. सरकारला डोकंच हवं असतं, बाईचं की पुरुषाचं हा पुढचा प्रश्न.

फटकळ_काकू

मग पुरुषांच्या टोपीवरून आज कुठे मोर्चे आहेत? तो वाद एका पिढीत विझला. पुरुषाने हॅट घातली की तो आधुनिक, नाही घातली की मागास, एवढंच. त्याच्या हॅटवर घराची अब्रू टांगलेली नव्हती. बाईचं डोकं उघडं पडलं की बाप, भाऊ, नवरा, मशीद, चर्च, पक्ष, सगळ्यांचं काहीतरी उघडं पडतं. सरकारला हे माहीत असतं. एका कापडाला हात घातला की अख्खं घर हातात येतं. म्हणून रस.

दुर्वास

काकू, हे पटलं. धाग्याचा मूळ प्रश्न सुटला म्हणायचा.

शमा_२७

सुटला कसला. २०२४ मध्ये ताजिकिस्तानने ‘परकीय’ कपड्यांविरुद्ध कायदा केला, रोख हिजाबवर. देश मुस्लिमबहुल, आणि कारण काय दिलं तर राष्ट्रीय संस्कृती. तिथे रस्त्यात पकडून पुरुषांच्या दाढ्याही उतरवल्यात. इराणच्या संसदेने २०२३ मध्ये हिजाबचा आणखी कडक कायदा मंजूर केला आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनेच अंमल थांबवला, बायका पुन्हा रस्त्यावर येतील म्हणून. तेहरानचे ताजे फोटो पाहा, कितीतरी जणी स्कार्फ न घालता सरळ चालत जातात, शेजारून चादोरवाली जाते, दोघी एकाच दुकानाच्या रांगेत उभ्या. दुर्वास, मगाशी निवड मोजायची कशी विचारलंत ना? मी त्या रांगेतून सुरुवात केली असती.

दुर्वास

त्या रांगेवर कॅमेरा लावलेला असतो, हेही मोजा. गाडीत उघड्या डोक्याची बाई दिसली म्हणून गाडीच्या मालकाला मेसेज गेलेत आणि गाड्या जप्त झाल्यात.

शमा_२७

मोजलं. तरी त्या रांगेत आहेत.